चीजची तार

आमच्या घरात दोन माणसं माझ्या तोंडानं बोलतात. एक माझा नवरा घनश्याम, दुसरी माझी धाकटी जाऊ दुर्गेश्वरी. भांडण नाही, तंटा नाही, वाटणीचा विषय तर कधी निघालाही नाही. नातंच तसं आहे. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोला शिवायचं नाही, तिनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं तर नावच नको. गोंदियात राहायला गेलेल्या कितीतरी घरांनी हे सोडून दिलं. आम्ही बिरसीचे. डोक्यावरून पायलट शाळेची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात, पण खाली अंगणात भासरा तो भासराच.

याची एक पद्धत बसून गेली आहे. हे बाहेरून आले की फाटकातच खाकरतात. ते ऐकून दुर्गा पदर सारखा करते आणि स्वयंपाकघराच्या दाराआड होते. जेवणाचं ताट ती ओसरीच्या कट्ट्यावर ठेवते, बांगड्या वाजवते आणि मागे सरते. मग हे ताट उचलतात. मीठ कमी असलं तर हे मला सांगतात, मी तिला सांगते. मी घरात नसले तर हे भिंतीला सांगतात. "आज वरनात मीठ नाही वाटते," असं भिंतीकडे बघून म्हणायचं. भिंतीनं ऐकलं की नाही देव जाणे, पण मीठ येतं. तीही काही कमी नाही. कोंबड्यांना तांदळाच्या कनक्या टाकता टाकता त्यांनाच म्हणेल, "खताची गोनी आनाची राहूनच गेली," आणि दुसऱ्या दिवशी गोणी हजर. मी मधली टपालवाली. टपालवाल्याला निदान पगार तरी असतो.

धाकटा दीर इंद्रकुमार होता तोवर याची मजाही होती. तो मुद्दाम निरोप बदलायचा. हे म्हणायचे भात कच्चा राहिला, तो आत जाऊन सांगायचा, दादा म्हणते भात एक नंबर. मग दुसऱ्या दिवशीही कच्चाच भात, आणि हा ताटावरून उठून हसत सुटायचा. त्यांची मुलगी प्राची शाळेत जायला लागली त्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि बघता बघता माणूस गेला. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नाही. हे घेत नाहीत म्हणून मी घेत नाही, मी घेत नाही म्हणून दुर्गा घेत नाही. भिंतीशी बोलायची पद्धत मात्र चालूच राहिली.

यंदा दिवाळीनंतर मला या पद्धतीची भीती बसली. यांना साखरेचा आजार आहे. गोळी घेतली आणि जेवण राहिलं की साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. धानाच्या मळणीच्या दिवसांत हे गोळी घेऊन उपाशीपोटी कामाला लागले आणि वाळक्या तनसीच्या, पेंढ्याच्या ढिगाजवळ कोसळले. मी बाजारात गेले होते. घरात एकटी दुर्गा. तिनं बघितलं, धावत आत जाऊन साखरेचं पाणी केलं, गिलास घेऊन आली आणि यांच्यापासून चार पावलांवर थांबली. पुढे तिचे पाय उचलेनात. हाक मारावी, तर काय म्हणून मारायची? इतक्या वर्षांत भासऱ्याला हाक मारायचा प्रसंगच आला नव्हता. शेवटी गिलास मातीत ठेवून ती शेजारच्या बिसरामभाऊंना बोलवायला पळाली. त्यांनी येऊन पाणी पाजलं आणि हे वाचले. डॉक्टर मला म्हणाला, "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." आणि पुढचं बोलला नाही. न बोललेलंच माझ्या कानात बसून राहिलं.

त्यात माझी एकुलती एक लेक दिव्या रायपूरला. पहिलं बाळंतपण. माहेरी आणायची माझी फार हौस होती, पण तिथल्या डॉक्टरनं प्रवासाला साफ मनाई केली. म्हणजे नवीन वर्ष लागलं की मलाच गाडीत बसायचं होतं, ते महिना-दोन महिन्यांसाठी. प्राची कॉलेजसाठी गोंदियाला खोली घेऊन राहते, फक्त सुट्टीला येते. मग मागे घरात राहणार कोण? एक भासरा आणि एक त्याच्या धाकट्या भावाची बायको. मधे भिंत.

यांनी यावर तोडगा काढला. "मी वावरातल्या झोपडीत राहतो. ती डबा कट्ट्यावर ठेवन, बिसराम आनून देईन."

"वा," मी म्हटलं, "आंगनात पडले त कोनी पाह्यलं तरी. वावरात पडले त कोल्हे पाहातीन."

दुर्गानं दुसरा तोडगा काढला, की तीच माहेरी जाईल. म्हणजे ज्या माणसाला चहाला किती पाणी लागतं ते माहीत नाही तो गोळ्या खाऊन घरात एकटा. दोघांची अक्कल एकाच दुकानातून आणलेली. इकडे आड तिकडे विहीर असं झालं होतं मला. लेकीकडे जावं तर नवऱ्याचा जीव टांगणीला, आणि नवऱ्याजवळ थांबावं तर पोरगी तिकडे आई आई करणार.

अशा वेळी एकतीस डिसेंबरला सकाळी प्राची पिशव्या घेऊन आली. ती मला मोठी आई म्हणते आणि यांना मोठे बाबा. आल्या आल्या चपलाही न काढता म्हणाली, "मोठी आई, आज आपल्या घरी पार्टी."

"कायची पार्टी? तुह्या मोठ्या बाबाले साखर आहे, केक-बीक काही आनू नोको मनलं होतं मी."

"केक नाही ना. पाव. चीजवाला. मैत्रिणीच्या घरी नाताळले खाल्ला मी. एकदम आसान आहे."

पिशवीतून तिनं एक गोल, फुगलेला, न कापलेला पाव काढला. गोंदियातल्या बेकरीवाल्याला सांगून मुद्दाम करून घेतला होता. सोबत चीजची वडी, लोणी आणि एक लाल शिमला मिरची. मग ओसरीत बसून तिनं मला समजावलं. पावाला वरून उभ्या-आडव्या चिरा द्यायच्या, पण बुडापर्यंत सुरी न्यायची नाही. खालून पाव अखंड राहिला पाहिजे. त्या चिरांमध्ये लसूण घातलेलं लोणी सोडायचं, चीज कोंबायचं, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरचीचे तुकडे, आणि झाकण घालून भाजायचं. पाव ताटात मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती बसून आपापल्या हातानं एकेक तुकडा ओढून खायचा.

"एकाच पावाचा?" मी विचारलं.

"एकाच. तोच त मजा आहे. वेगळं वाढाचं नाही कोनालेच."

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. ज्या घरात भासऱ्याचं ताट आधी निघतं, कट्ट्यावर जातं, तिथं एका पावाला दोघांचे हात लागतील. एकदा ही पहिली गाठ सुटली की बोलणंही सुटेल. मी मनातल्या मनात रायपूरची बॅगसुद्धा भरली. पोरीला म्हटलं, "कर तुही पार्टी. बिसरामभाऊले अन धुरपताबाईलेही बोलाव." धुरपताबाई म्हणजे बिसरामभाऊंची आई. दात एक नाही, पण शिवाशिवीच्या कायद्यात आमच्या आळीचं हायकोर्ट. तिच्यासमोर झालं म्हणजे पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही, असा माझा हिशेब. स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी फार खूश होते.

दुपार उलटल्यावर आम्ही कामाला लागलो. परसातून कोवळा लसूण पातीसकट उपटून आणला, सांभार तोडला. लसूण ठेचून प्राचीनं तो पातळ केलेल्या लोण्यात घातला तेव्हा वास असा सुटला, की ओसरीत हे उगाच दोनदा खाकरले. चीज किसायचं काम मी घेतलं. थंडी असूनही ते हाताच्या उबेनं मऊ होऊन किसणीला चिकटत होतं, आणि मी त्याला शिव्या घालत होते. पावाला चिरा द्यायचं काम दुर्गाकडे दिलं, कारण आमच्यात तिचा हात सगळ्यात हलका. प्राची जाड बुडाचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, शोधायला कोठीत गेली.

मी किसणीवरून मान वर केली तर काय, दुर्गानं सगळ्या चिरा छान अर्ध्यावर थांबवलेल्या, आणि एका बाजूची एक मोठी फोड मात्र आरपार कापून पावापासून बोटभर लांब सारलेली.

"हे काऊन कापली?"

"त्याईचा वाटा," ती म्हणाली. "कोनाचा हात लागाच्या आंधी काढून ठेवला."

माझा पारा चढला. माझा पारा चढायला तसंही फार लागत नाही. सगळा बेत त्या सुरीखाली कापला गेलेला दिसला आणि जे तोंडात येऊ नये तेच आलं. "काढ वाटा! कट्ट्यावर ठेव, बांगड्या वाजव! मी गेल्यावर ते पुन्हा पडतीन, तवा बी गिलास धरून उभीच राहाशीन? तुह्या कायद्यापायी माह्या मानसाचा जीव जाईन, समजलं का?"

तिनं सुरी खाली ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पावाकडे बघतच ती हळू बोलायला लागली.

"मले काय वाटत नाही का, बाई? त्या दिवसापासून मले झोप नाही. डोरे मिटले का ते मातीत पडलेले दिसतेत. पन तुमाले एक सांगतो. लगन झालं तवा प्राचीच्या बाबानं मले एकच गोष्ट मांगली. मनाले, दादाचा मान ठेवजो. दुसरं काहीच मांगलं नाही त्याईनं, कधीच. ते गेले. कपार उघडं झालं, मंगरसूत्र गेलं, काचेच्या बांगड्याच्या जागी या चांदीच्या आल्या. आता या घरात मी त्याईची बायको आहे हे दाखवाले काय रायलं? त्याईचे दादा फाटकात खाकरतेत ना, ते माह्यासाठी खाकरतेत. लहान भावाची बायको घरात आहे मनून खाकरतेत. ते आयकलं का मले वाटते, प्राचीचे बाबा मागून येऊनच राहिले. उद्या ते खाकरनं सुटलं, मी बोलाले लागली, त मंग मी कोन? घरात ठेवलेली एक बाई."

मी इतकी वर्षं त्या खाकरण्याला कंटाळले होते. त्यात कोणी नवरा ऐकत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझे दोन्ही हात चीजनं बरबटलेले. तसेच तिच्या डोक्यावर ठेवले. तिच्या पदराला चीज लागलं आणि आम्ही दोघीही नाक ओढत हसलो.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की रायपूरला जायचं नाही. सकाळी दिव्याला फोन करायचा आणि तिच्या सासूच्या पाया पडून सांगायचं, की बाई, माझ्या लेकीला सांभाळ. दिव्या रडेल. मी इथं रडेन. पण त्या बाईच्या हातातून तिचा नवरा दुसऱ्यांदा ओढून घ्यायचा मला काय हक्क?

प्राची गंज घेऊन आली आणि पाव बघून किंचाळली. "आई! आरपार कापला! मनलं होतं ना बुडाले सुरी लावाची नाही!"

"राहू दे," मी म्हटलं. "तुह्या मोठ्या बाबाचा वाटा आहे."

पोरीनं कपाळाला हात लावला, पण शेवटी ती फोड पुन्हा पावाला चिकटवून बसवली आणि चिरांमध्ये लोणी आणि चीज भरलं. गंजाच्या तळाशी मीठ पसरलं, त्यावर लोखंडी रिंग, रिंगवर थाळी आणि थाळीत पाव. वर झाकण, मंद आच. आरपार चिरेतून चीज वितळून थाळीत उतरणार हे तिला दिसतच होतं. उतरलंच. दिवेलागणीला झाकण काढलं तेव्हा पाव वरून सोनेरी, मिरचीचे लाल ठिपके, सांभाराची हिरवी नक्षी, आणि खाली यांच्या वाट्याभोवती चीजचं हे एवढं तळं. दिसायला पाव असा सुरेख, की त्याला हात लावायचं जिवावर यावं.

अंगणात शेकोटी पेटवली होती. बिसरामभाऊ आले, धुरपताबाई शाल गुंडाळून शेकोटीपाशी बसली. हे ओसरीच्या कडेला आपल्या खुर्चीवर, नेहमीसारखे फाटकाकडे तोंड आणि घराकडे पाठ करून, म्हणजे दुर्गाला मागून ये-जा करता यावी. पाठमोऱ्या माणसाला पार्टीचं काय दिसणार? पण वास येत होता आणि मान थोडी थोडी वळत होती.

"मोठे बाबा, साखरेची गोरी घेतली ना? मंग आता गरम गरम खाजा," प्राचीनं दटावलं.

दुर्गानं डाव्या हातात पावाची थाळी धरली आणि उजव्या हातानं उलथनं घालून यांची फोड उचलली. उचलली खरी, पण तळाचं चीज फोडीसोबत निघालं. जाड तार झाली. तिनं फोड यांच्या मागे कट्ट्यावर मांडलेल्या ताटलीत घातली आणि बांगड्या वाजवून मागे सरली, तर तारही सोबत लांबली. एक टोक ताटलीतल्या फोडीला, दुसरं तिच्या हातातल्या थाळीला. तिनं आणखी एक पाऊल मागे घेतलं. तार आणखी लांबली. तुटायचं नाव नाही.

यांना काय पत्ता? यांनी मागे हात केला, फोड उचलली आणि मोठा घास घेतला. चीज दातात आलं तसं यांनी ते ओढलं. इकडे थाळीतला आख्खा पाव हलला. यांनी आणखी जोरात ओढलं. थाळी दुर्गाच्या हातात थरथरली.

प्राचीला पहिल्यांदा हसू फुटलं. मग बिसरामभाऊंना. हे चमकून मागे वळले. तोंडात घास, हनुवटीपासून निघालेली चीजची तार ओसरीवरून सरळ दुर्गाच्या थाळीत. ती पदर कपाळापर्यंत ओढून उभी. तिला थाळी खाली ठेवताही येईना आणि धरताही येईना.

"बाप्पा!" बिसरामभाऊ म्हणाले. "हे शिवलं का नाही शिवलं?"

सगळे धुरपताबाईकडे बघायला लागले. म्हातारीनं मान पुढे काढून तार नीट न्याहाळली, एक टोक बघितलं, दुसरं बघितलं. "वायर दोहीकडून जोडली असन त करंट लागतेच ना बाबू," ती म्हणाली. "शिवलं. आता खा गुमान, थंडं होऊन राहिलं."

कायद्याचा निकाल लागला. आता यांनी फक्त बोटानं ती तार तोडायची, तोंड फिरवायचं आणि खाकरायचं, की सगळं जिथल्या तिथं गेलं असतं. मी यांच्या बोटाकडे बघत होते. बोट वर आलं, आणि तारेपाशी येऊन थांबलं. यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं घास अडकला, साखर उतरली, आणि मी साखरेचं पाणी आणायला उठलेही. पण हे हसत होते. इतके हसत होते, की डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग तार हनुवटीवर तशीच ठेवून हे बोलले. माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून नाही.

"इंद्र असता त आज आंगनभर लोळला असता."

इतक्या वर्षांनी ते नाव आमच्या घरात मोठ्यानं आलं, तेही यांच्या तोंडून. मी दुर्गाकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण काय म्हणून हाक मारावी तेच सापडत नव्हतं. शेवटी तिनं आपल्या लेकीचा शब्द उसना घेतला.

"हव, मोठे बाबा," ती म्हणाली. "अन फोटो काढून साऱ्या गावाले दाखवला असता."

"गावाले?" हे म्हणाले. "पार आमगावच्या मामाले पाठवला असता! तो त लहानपनापासून असाच. मी बोडीच्या पान्यात पडलो होतो त मले काढाच्या आंधी साऱ्या पोट्ट्याईले बोलवून आनलं त्यानं, पाहा मने, दादा भिजला."

"कवा?" दुर्गानं विचारलं. पदर कपाळावरून थोडा मागे सरकला होता, तिचं लक्ष नव्हतं. "मले कधी सांगतलं नाही त्याईनं."

"तो कसा सांगन? नंतर मी त्यालेच ढकलला ना बोडीत."

ती हसली. थाळी तशीच धरून हसली. आणि तेव्हा मला कळलं, की या बाईला आपल्या नवऱ्याचं लहानपण कोणी सांगितलेलंच नाही. सासू-सासरे तिच्या लग्नाआधीच गेलेले. मी या घरात आले तेव्हा इंद्रकुमार मोठा झालेला. तो कसा रांगला, कशाला भ्यायचा, शाळेतून कुठं पळून जायचा, हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते आजवर भिंतीशी बोलत होतं.

"मंग?" दुर्गा म्हणाली.

हे खुर्ची फिरवून बसले. तार कधी तुटली कोणी बघितलं नाही. बोडीची गोष्ट झाली, मग चिंचेच्या झाडाची सुरू झाली. प्राची बापाचं नाव ऐकत तोंड उघडं टाकून यांच्या पायाशी बसली. सगळ्यांनी पावाचे तुकडे ओढून खाल्ले, धुरपताबाईनं फक्त मधलं मऊ मऊ काढून खाल्लं आणि कडा लेकाला दिल्या. यांची फोड मात्र एका घासानंतर ताटलीत तशीच. सांगण्याच्या नादात खाणं विसरले.

दुर्गानं ते बघितलं. थाळीतला एक गरम तुकडा तोडला, खुर्चीपाशी गेली आणि यांच्यासमोर हात केला. कट्ट्यावर ठेवला नाही. "गोरी घेतली ना तुमी? आंधी खा. बाकीचं मंग सांगजा."

हीच गोष्ट मी रोज सकाळ-संध्याकाळ बोंबलून सांगते आणि हे दुसऱ्या कानानं सोडून देतात. तिच्या हातातून मात्र यांनी तुकडा मुकाट्यानं घेतला. घेताना बोटाला बोट लागलं. यांनी तो आख्खा तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला आणि शाळेतल्या पोरासारखं तोंड उघडून दाखवलं, की संपला.

मी आत गेले. स्वयंपाकघराचं दार लोटून दिव्याला फोन लावला. ती घाबरून म्हणाली, "आई, काय झालं?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "मी येऊन राहिली तुह्याकडे." आणि मग जे रडू आलं, ते मला आवरलं नाही.